हातमोज्यांतली पावडर

पडद्याआडून कलावती सिस्टर हिराकडे टक लावून पाहत होती. हिरा आया धुतलेल्या रबरी हातमोज्यांना पावडर लावत होती. मोजा झटकला की पांढरा धुरळा उडे. हिराने पदर नाकातोंडावर घट्ट बांधला होता.

कलावतीची खात्री पटली. साध्या पावडरीला कोणी एवढं भितं का?

उन्हाळ्यापासून तिच्या हातांची दशा झाली होती. लेबर रूममध्ये मोजे चढवले की मनगटापर्यंत लाल चट्टे उठत. सुट्टीत पद्मनाभपूरच्या घरी सगळं निवे. ड्युटीवर आली की पुन्हा तेच. साबण बदलून झाला, नवऱ्याच्या सांगण्यावरून वांगी सोडून झाली. मग तिला आठवलं, की होळीच्या सुमारास आपण हिराला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. हिरा तेव्हा चकार शब्द बोलली नव्हती. अशीच माणसं डूख धरतात, असं कलावतीला वाटलं. आणि जवळच्या कॅम्प-वन वस्तीच्या बाजारात खाजकुइली मिळायला काय कठीण?

त्या दिवसापासून ती हिराच्या हातचा चहाही घेईना. एकदा तिने पावडरीत काय मिसळतेस म्हणून विचारलंसुद्धा. डब्यातलीच आहे, एवढं सांगून हिराने नजर खाली घातली. तेवढं पुरे झालं. पुरावा हाती नव्हता, म्हणून कलावतीने हिराच्या कामात हयगय असल्याचं मेट्रन सत्यभामाबाईंच्या कानी घातलं, आणि हिराची बदली दवाखान्याच्या स्वयंपाकघरात झाली.

आता कलावती नवा सीलबंद डबा फोडून स्वतःच मोज्यांना पावडर लावू लागली. हात बरे होतील म्हणून ती वाट पाहत होती. झालं उलटंच. एका बाळंतपणात ऐन वेळी तिचे डोळे सुजले, छाती आवळली, श्वास घेता येईना. दुसऱ्या सिस्टरने बाळ हातात घेतलं आणि कलावतीला स्ट्रेचरवर घालून इंजेक्शन द्यावं लागलं.

त्वचेचे डॉक्टर अरुणकुमार यांनी तिला विचारलं, फुगे फुगवताना ओठ सुजतात का. भाचीच्या वाढदिवसाला सुजले होते. त्यांनी मोज्याचं एक बोट कापलं, पावडर पार जाईपर्यंत नळाखाली धुतलं आणि तिच्या ओल्या बोटावर चढवलं. थोड्याच वेळात गांधी उठल्या. दोष रबराचा होता. यापुढे प्लास्टिकचे मोजे घाला, डॉक्टर म्हणाले, आणि जवळपास कोणालाही पावडर झटकू देऊ नका. रबराचा अंश पावडरीबरोबर हवेत उडतो आणि श्वासात जातो.

कलावती मान खाली घालून बाहेर पडली ती थेट स्वयंपाकघरात गेली. हिरा कोहळं चिरत होती. कलावती माफी मागायचं ठरवून आली होती.

"हिरा, तुले इथं मीच पाठवलं," ती कशीबशी म्हणाली.

"मालूम हाये मले, सिस्टर." हिराने विळी बाजूला सारली. "तिथं मोजे झटकले का माहा दम कोंडे. नोकरी जाईन म्हणून म्या कोनाले सांगतलं नाई. तुमीच तेवढं ओळखलं, अन् मले तिथून काढलं."