सांगण्याजोगं दुखणं

“कॅन्सरच आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “एचआयव्ही असला तरी उपचार होतात. तुमच्या रोजच्या गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत. किरणांचे शेक घ्यायला संभाजीनगरला राहावं लागेल. सोबत कुणीतरी मोठं माणूस आणा.”

वनमालानं लेकीकडं बघितलं. आरोही दहावीत होती. आजवर सोबत म्हणजे तीच.

गावात दुसऱ्या कुणाला एचआयव्हीचं ठाऊक नव्हतं. नवरा काविळीनं गेला, असं सांगितलेलं. महिन्याला बीडच्या या दवाखान्यात गोळ्यांना यायचं ते कधी बँकेच्या नावानं, कधी चष्म्याच्या. गोळ्यांची बाटली पिठाच्या डब्यात, आणि वाजू नये म्हणून बाटलीत कापूस. गेल्या साली गावात बायकांच्या तपासणीचं शिबिर आलं. वनमालाच्या अंगावरून तेव्हाच लाल जात होतं. पण रक्त घेतील, म्हणून ती दिवसभर तुरीत लपून बसली.

एसटीत आरोहीनं सगळं ठरवून टाकलं. “आपण मूतखडा सांगू. मूतखडा बेस्ट. त्यात कुणी जास्त खोदत न्हाई.”



फाट्यावर उतरल्या तर समोर चुलत सासू बायनाबाई, शेळी घेऊन उभी. “काय गं, लेकीला घेऊन कुठं उंडारून आलीस?”

“आजी, आईला मूतख—”

“आत्याबाई, मला कॅन्सर झालाय,” वनमाला म्हणाली. पानटपरीवरच्या माणसांनी वळून बघितलं, एवढ्या मोठ्यानं.

बायनाबाईच्या हातातली दोरी सुटली. तिनं वनमालाला पोटाशी धरलं.

दिवस मावळायला अंगण भरलं. कुणी भाकरी-कालवण आणलं. कुणी नुसतंच रडलं. बायनाबाईचा नवरा आश्रुबा म्हणाला, “आमी दोघं येतो संभाजीनगरला. तू कावून घोर करतीस?”

सगळे गेल्यावर आरोही फणफणली. “तिथं डॉक्टर ह्यांच्यासमोर दुसऱ्या आजाराचंबी बोलतील. मग?”

“मग जातील उठून.”

“जातील ना? मग कावून सांगितलंस?”

वनमालानं शेजारणीच्या भाकरीचा तुकडा मोडला.

“सात वर्षं आजारी हाय मी, पोरी. आज पहिल्यांदा कुणी भेटायला आलं.”