दोघांचं दळण

बहात्तरच्या दुष्काळी कामावर खडी फोडून येणारा कानिफनाथ सहा महिने भिंतीकडे तोंड करून झोपत होता. मनकर्णाला वाटे, नवऱ्याचं मन आपल्यावरून उडालं. शेवटी राहुरीच्या वैदूने दिलेल्या अश्वगंधेच्या मुळ्या तिने जात्यापुढे ठेवल्या. “दळून दुधातनं घ्यायच्या. बायकोची ओढ लागती म्हनं.” तो ओशाळला. “तूबी दमलीस. मीच दळतो.” बाप्याने जात्याला हात लावला तर गाव हसतं, म्हणून तिने दार लोटलं. मुळ्या चिवट; जातं हलेना. ती समोर बसली, त्याच्या मुठीवर मूठ ठेवून खुंटा ओढू लागली. “खडी फोडता, अन् एवढं जमंना व्हय?” सहा महिन्यांनी तो हसला. पूड डब्यातच राहिली. दूध कुठून आणणार? दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “आज दळायचं न्हाई?” “मुळ्या संपल्या.” “रेशनची ज्वारी हाय की,” म्हणत त्यानेच दार लोटलं.