पाणी कुठवर यायचं

"आजी, तुम्ही इथल्या जुन्या. तुम्हीच सांगा, नदीचं पाणी इथवर येतं का?"

विचारणारी नर्स होती, शहरातल्या मोठ्या दवाखान्यातली. तळमजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये ती उभी होती, तिचे वडील चाकांच्या खुर्चीत होते आणि गुडघे धरत जिना उतरलेल्या काकूंना बसायला एक प्लास्टिकची खुर्ची आणून दिली होती. काकूंच्या शेतावर ही इमारत बांधली होती त्यांच्या पुतण्याने, आणि याच प्रश्नासाठी त्याने त्यांना तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं होतं. जिन्यातच त्याने पढवून ठेवलं होतं, "पाल्हाळ लावू नका काकू. नाही म्हणायचं, चहा प्यायचा, वर यायचं. हा एवढा एकच फ्लॅट अडकलाय. आणि काठाला आता भिंत घातलीय, म्हणजे तसं खोटंही नाही."

भिंत काकूंनी पाहिली होती. त्यांच्या कमरेला लागायची.

"नाही गं," काकू म्हणाल्या. "नदी कुठे, आपण कुठे."

खिडकीतून नदीचं वळण दिसत होतं. त्या वळणावरून काकूंना जागा बरोबर कळली होती. जिथे चाकांची खुर्ची उभी होती, तिथे त्यांच्या पाण्याच्या इंजिनाचा चौथरा होता. दर वर्षी पावसाच्या तोंडावर दीर आणि नवरा त्याचे नट सोडवायचे, इंजिन बैलगाडीत घालायचे आणि वरच्या टेकाडावर नेऊन ठेवायचे. एका वर्षी दिराने आळस केला, तर ते चौथऱ्यासकट गाळात गेलं. महिनाभर घरातली सगळी माणसं ते उकरत होती.

"बरं झालं बाई," नर्स म्हणाली. "मी पाच पन्नासच्या गाडीने जाते ती रात्री आठला परत. बाबा दिवसभर एकटे. जिना त्यांना जमत नाही, म्हणून तर तळमजला बघतेय."

सगळ्यांचं असंच होतं. आधी स्टेशन झालं, मग स्टेशनाबाहेर सायकली ठेवायचं छप्पर, मग एकेक शेत करत घरं नदीपर्यंत उतरली. सकाळी सहाच्या आत धडधाकट माणसं गाडीत बसून निघून जायची आणि मागे म्हाताऱ्यांचं गाव उरायचं.

"माझी काळजी नको," नर्सचे वडील म्हणाले. त्यांनी जन्मभर बस चालवली होती. "माझं आयुष्य चाकांवरच गेलंय. आता चाकं तेवढी लहान झाली." आणि काकूंकडे वळून म्हणाले, "काय पिकायचं हो ताई इथे?"

काकूंना राहवलं नाही. "कलिंगडं! एकेक असं, की एका माणसाला उचलेना. वांगी, काकड्या. आमच्या वांग्यांसाठी बाजारात बायका थांबून राहायच्या. आणि खताची एक पाटी कधी टाकली नाही हो या जमिनीत."

"खताशिवाय?" ड्रायव्हर चकित झाले. "मग कस यायचा कुठून?"

खत नदीच आणायची. दर पावसाळ्यात आत शिरायची, आठ-आठ दिवस मुक्काम करायची आणि जाताना चार बोटं गाळ ठेवून जायची. हे सगळं काकूंच्या ओठांवर आलं. पुतण्या खाकरला. काकूंनी ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

"मातीच चांगली होती," त्या म्हणाल्या.

त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. तो आता इथे नाही याचं आज पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

पुतण्याने दोन किल्ल्या खिडकीत ठेवल्या. सह्यांआधीच किल्ल्या दाखवल्या की गिऱ्हाईक माघारी जात नाही, असं तो नेहमी सांगायचा. "कागद घेऊन येतो," म्हणून तो ऑफिसकडे गेला.

"तुम्ही कितव्या मजल्यावर?" ड्रायव्हरनी विचारलं.

"तिसऱ्या."

"कमाल आहे! अख्खी जमीन तुमची, आणि असे गुडघे घेऊन राहायला तिसरा मजला?"

"वर वारा चांगला येतो."

ड्रायव्हर हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, त्या ठेंगण्या भिंतीकडे, आणि मग बराच वेळ काकूंकडे. काकू कपाची बशी पुसत राहिल्या.

"बाबा, इथे तुमची कॉट टाकू," नर्स आतून ओरडली. "पडल्या पडल्या नदी दिसेल!" कित्येक महिन्यांत ती अशी मोकळी बोलली नसावी, कारण तिचा आवाज ऐकताच ड्रायव्हरचा चेहरा मऊ झाला.

"दिसेल की," ते हळूच म्हणाले.

नर्स बाहेर आली, तिने एक किल्ली उचलली आणि काकूंसमोर उकिडवी बसली. "आजी, एक मागू? ही तुमच्याकडे ठेवाल? बाबांना कधी काही लागलं तर. इथे मी दुसऱ्या कुणाला ओळखत नाही."

दारात कुणी नव्हतं. पुतण्याच्या चपलांचा आवाज लांब गेला होता.

"पोरी," काकू म्हणाल्या.

"काय आजी?"

काकूंनी तोंड उघडलं. त्यांना वर कपाटातल्या त्यांच्या साड्या आठवल्या, गॅलरीतली खुर्ची आठवली, पुतण्याचं घर आठवलं, ज्यात त्या राहत होत्या.

"गुडघे फार दुखतात गं माझे," त्या म्हणाल्या. "मला पटकन खाली उतरता येत नाही."

"मग सावकाश या," नर्स हसून म्हणाली. "घाई कसली त्यात?"

तिने काकूंच्या तळहातावर किल्ली ठेवली, आणि त्यांची बोटं उघडीच राहिलेली पाहून आपल्या हाताने एकेक करून मिटवली.