पिठाच्या पेटीचं प्रकरण

“तेवढं एक प्रकरण वगळ, बाकी सगळं पुस्तक खुशाल वाच,” मुख्याध्यापक जिन्यात थांबून म्हणाला. दोन मजल्यांतच त्याला धाप लागली होती. “उद्याच्या बैठकीत मी स्वतः तुझ्या बाजूने बोलतो.”

“मग उरतं काय?” विज्ञानाची शिक्षिका म्हणाली. “चल लंब्या, बाईंच्या दारात भांडण नको.”

वर्गात तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा. आता तो तिचा वरिष्ठ होता, पण शाळेबाहेर लंब्याच.

बाईंनी दार उघडून डोळे बारीक केले. “कोण?”

“ओळखलं नाहीत, बाई?”

“अरे, चष्मा आत राहिलाय. त्याच्याशिवाय तू आणि दाराची चौकट मला सारखेच. आता बोललास म्हणून कळलं. ये, डोकं सांभाळ.”

बाई याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या, आणि त्यांचं शुक्रवारचं वाचन आता शिक्षिकेला पुढे चालवायचं होतं. चौतीस वर्षं दर शुक्रवारी शेवटच्या तासाला त्यांनी नववीला एकच कादंबरी वाचून दाखवली. एका खोऱ्यातल्या लोकांनी याद्या करून आपल्याच शेजाऱ्यांचा वंश संपवला, त्याची ती गोष्ट. इतिहासाच्या पुस्तकात त्यावर चार ओळी होत्या आणि एक आकडा. शिक्षिकेला लहानपणापासून आकडे आवडत. तो आकडाही तिने पाठ केला होता, आणि तिला काहीच वाटलं नव्हतं.

मग बाईंनी ते पुस्तक उघडलं होतं.

प्रत एकच, तीही बाईंची. दुसरी कुठे मिळत नव्हती. बाई खिडकीशी उभ्या राहून वाचायच्या. उन्हात खडूची धूळ तरंगत असायची. पिठाच्या पेटीचं प्रकरण आलं की त्या चष्मा काढायच्या, डावी मूठ मिटायच्या आणि त्याच संथ आवाजात पुढे जायच्या. बाई रडतायत, असं वर्गाला वाटायचं.

गल्लीत सैनिक शिरतात. आई सहा वर्षांच्या मुलीला पिठाच्या पेटीत लपवते. खिडकीच्या निळ्या चौकटीची एक ढलपी मोडून झाकणाखाली अडकवते, वारा आत यावा म्हणून. मुलीला बाहेरचं सगळं ऐकू येतं. तिला चाळीसपर्यंतच मोजता येतं. चाळीस झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करते.

त्या दिवशी घंटा झाली तरी कुणी दप्तर उचलायचं नाही.

“पालक घाबरतात, बाई,” मुख्याध्यापक म्हणाला. “सगळे तुमचेच विद्यार्थी. एकजण म्हणाला, अजून पिठाचा डबा उघडताना छातीत धडधडतं. मुलांना हे नको.”

“म्हणूनच हवं,” शिक्षिका म्हणाली. “ते ऐकल्यापासून मला कुठलाही आकडा नुसता आकडा वाटत नाही. बाई, तुम्हीच सांगा याला.”

बाईंनी दोघांपुढे पाण्याचे पेले ठेवले.

“वगळा की. पुस्तकाचं काही बिघडायचं नाही.”

“तुम्ही म्हणताय हे?”

“चौतीस वर्षं वाचलं गं. घसा बसला माझा.” बाई हसल्या. आतून चष्मा लावून आल्या. हातात खाकी कव्हर घातलेलं पुस्तक होतं. मुख्याध्यापकाने हात पुढे केला, पण त्यांनी ते शिक्षिकेच्या हातात दिलं. “आधी एकटीने वाच. मग काय वाचायचं ते तुझं तू ठरव.”

शिक्षिका घरी गेलीच नाही. तडक शाळेच्या प्रयोगशाळेत येऊन बसली. उद्या बैठकीत ते प्रकरण मोठ्याने वाचायचं आणि मग विचारायचं, आता म्हणा वगळा, असं तिने ठरवलं होतं.

आठवं प्रकरण सैनिक पूल ओलांडतात तिथे संपलं. नवव्यात दोन वर्षांनंतरचा हिवाळा होता.

ती मागे आली. पान एकशे बारा, पान एकशे तेरा. शिवण घट्ट होती, कुठे फाटल्याची खूण नव्हती. तिने शेवटच्या पानापर्यंत ओळन् ओळ वाचली, मग पहिल्यापासून पुन्हा. पेटी नव्हती. मुलगी नव्हती.

एकशे बारा आणि एकशे तेराच्या मध्ये, वाचनाची खूण म्हणून ठेवतात तशी, बोटभर लांबीची एक लाकडी ढलपी होती. एका बाजूने हाताळून गुळगुळीत झालेली. दुसऱ्या बाजूला थोडा निळा रंग अजून शिल्लक होता.