काचेतलं न्यूयॉर्क

विनिपेगमध्ये जयवंत करंदीकरच्या नवव्या मजल्यावरच्या घरी कोजागिरीला मराठी मंडळी जमली होती. बाहेर कोणी बघत नव्हतं, सगळ्यांचे डोळे बाल्कनीच्या दाराच्या काचेवर होते. स्वतःच्या गावाची लाज वाटणाऱ्यांसाठीच ही काच निघाली होती. बाहेरचं झाकून पडद्यासारखी हवं ते शहर दाखवायची, चंद्रासकट.

"टोरांटोत काय बघायचं? एक मनोरा, बाकी खुरटं गवत," दिघे म्हणाला.

"शिकागो तरी काय, काळी कपाटं ओळीनं उभी," जयवंत म्हणाला.

"व्हँकूवर लावा, भावजी. मागे डोंगर आहेत," दिघेची बायको म्हणाली.

"डोंगर काय त्यांनी बांधले?" जयवंत म्हणाला.

जयवंतच्या आईला काचेतला चंद्र पटेना. खऱ्या चंद्राला दाखवल्याशिवाय दूध प्यायचं कसं, म्हणून ती पातेलं घेऊन बाल्कनीत गेली. दार मागे आपोआप बंद झालं. बाहेरून उघडायची सोय नव्हती, आणि सगळीकडे बर्फ होतं.

जयवंतनं न्यूयॉर्क लावलं. काच थडथडू लागली.

"वा, आवाजसुद्धा! तिथं कायम काहीतरी ठोकतच असतात," दिघे म्हणाला. सगळे हसले. जयवंतनं फुशारकीनं मान डोलावली.

ठोके मंदावले. आई कोणालाच आठवली नाही, दूध आठवलं. स्वयंपाकघरात पातेलं नव्हतं आणि आईही नव्हती, तेव्हा कुठे जयवंतनं काचेवरचं शहर बंद केलं.

समोर बर्फानं झाकलेलं पार्किंग, चार बुटक्या इमारती, वर पूर्ण चंद्र. काचेला कपाळ टेकून आई थरथरत उभी होती, ओठ निळे पडलेले.

जयवंत दाराकडे धावला. दिघे डोळे बारीक करून बघत राहिला.

"हे कुठलं शहर रे?" त्यानं विचारलं.