मागचा दिवा

ट्रेलर विकला, म्हणून सात रस्त्याच्या गॅरेजात रहिमतुल्लानं जीपमागचा हूक काढला, ट्रेलरच्या वायरी काढून टाकल्या आणि मागच्या दिव्याची वायर नव्यानं जोडली. दिवेलागणीची वेळ. सहा महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन कुमुद जीपमागं उभी होती. नवऱ्यानं आत बसून बटण ओढलं.

"पेटला का गं?"

"नाही."

रहिमतुल्लानं जीपखाली शिरून वायरी सोडून पुन्हा जोडल्या. "बल्ब रुसलाय की काय. आता बघा, वहिनी."

"नाही."

नवरा वैतागून उतरला, मागं आला. "अगं, लख्ख पेटलाय की! लक्ष कुठंय तुझं?"

कुमुदनं बाळाचा चेहरा दिव्याच्या अगदी जवळ नेला.

"दिवा राहू द्या," ती म्हणाली. "मी मघापासून याच्या डोळ्यांकडंच बघतेय. तुम्हीही बघा. पापणीसुद्धा लवत नाही."