मागचं वजन

“पप्पा, ट्रॅक्टरच्या मागं वजन म्हणून आईच काऊन बसते? तुम्ही काऊन नाही बसत?”

मैत्रीण पूनमनं पैज लावली होती. हिंमत असन तं चारचौघांत इचारून दाखव, म्हणाली होती. प्रतीक्षानं विचारलं. तेही थेट उकिरड्यावर, खत भरायच्या ऐन घाईत, शेजारच्या गुलाबरावांसकट चार माणसं गालात तंबाखूचा खर्रा धरून उभी असताना.

इंद्रभाननं आधी पोरीकडं पाहिलं, मग माणसांकडं, आणि हसला. “पोट्टे, मी मागं बसलो तं ट्रॅक्टर का तुहा मामा चालवन?”

माणसं हसली. तेवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण हशा मिळाला की इंद्रभानला चेव चढायचा. “आन बाईमाणसाचं वजन लय सोयीचं राह्यते. हाक मारली का येते, काम झालं का आपल्याच पायानं उतरते!”

ट्रॅक्टर लहानसा होता. त्याला पुढून खत उचलायचं बकेट बसवून घेतलेलं. बकेट भरून वर गेलं की पुढचा भार जड व्हायचा आणि मागची चाकं जमीन सोडायची. म्हणून मागच्या दोन लोखंडी दांड्यांवर फळी बांधलेली, आणि फळीवर प्रतीक्षाची आई, जयमाला. खत ओलं असलं तर मांडीवर दोन धोंडे घेऊन. दोन उन्हाळे असंच चाललं होतं, आणि अख्ख्या पिंपळगावात कुणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं. रानात ढेकळं फोडायला पाटा फिरवताना वर बाईला नाहीतर लेकराला उभं करायची रीत बैलांपासूनची. बैल गेले, ट्रॅक्टर आला. फळीवरचं माणूस तेवढं बदललं नाही.

त्या दिवशी हशाच्या भरात इंद्रभाननं बकेट ठासून भरलं. मागचा भाग हातभर वर गेला आणि दाणकन आदळला. जयमालाच्या मांडीवरला एक धोंडा सुटला तो थेट तिच्या पायाच्या अंगठ्यावर.

“काई नाही झालं,” ती म्हणाली. खाली वाकली आणि धोंडा उचलून परत मांडीवर घेतला.

ते पाहून प्रतीक्षाच्या डोक्यात जाळ झाला. धोंडा फेकून द्यावा, चाबी विहिरीत टाकावी, गुलाबकाकाच्या गालातला खर्रा बाहेर काढावा, सगळं एकदमच वाटलं. पण नववीची परीक्षा नुकतीच झाली होती, सुट्टी हातात होती. आता बोलायचं नाही, आईच्या जागी बसेल असं वजन बनवूनच दाखवायचं, असं तिनं ठरवलं.

घरामागं एक गंजका ड्रम पडला होता. तो तिनं ढकलत ढकलत वेल्डिंगच्या दुकानात नेला. अर्धा कापायचा, खालून आरपार जाड लोखंडी शाफ्ट घालायचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही दांड्या त्यात अडकतील, वर मधल्या तिसऱ्या दांडीसाठी एक पट्टी. मोबाइलवर पाहून वहीत काढलेलं चित्र तिनं दुकानदारासमोर आपटलं.

“बापाले इचारलं का वं?” तो म्हणाला.

“बापालेच तं उत्तर द्यायचं हाये.”

संडासाच्या बांधकामातून उरलेलं सिमेंट होतं. गिट्टी तिनं स्वतः वेचली. रेतीची घमेली पैज हरलेल्या पूनमकडून वाहून घेतली. माल कालवताना फावडं असं चालत होतं, की जणू खाली त्या दिवशी हसलेली चार तोंडं पडलीत. “हळू बे, ड्रम फोडतं का!” पूनम ओरडली. प्रतीक्षानं ऐकलं नाही. काठापर्यंत माल भरला, वर ओलं बारदान टाकलं. आठ दिवस त्याच्यावर पाणी मारलं ते आईनं, सकाळ-संध्याकाळ.

नवव्या दिवशी त्याच चार माणसांनी मिळून तो सिमेंटचा गोळा दांड्यांना जोडला. इंद्रभाननं मुद्दाम बकेट शीग लावून भरलं आणि वर घेतलं.

मागची चाकं बोटभरही हलली नाहीत.

“इंद्रभान, पोट्टीनं तं कमालच केली बापा!” गुलाबराव म्हणाले.

“पोट्टी कोणाची हाये मंग!” इंद्रभान सीटवरूनच फुलला. मग बाजूला उभ्या जयमालाकडं वळून म्हणाला, “जाय वो घरी. आता तुहं काई काम नाही अथी. दळण पडलं हाये, धुणं पडलं हाये.”

जयमाला निघाली. प्रतीक्षा उड्या मारत तिच्या मागं धावली, वाटेत आडवी झाली. “आई, सुटली ना तू! खुश ना?”

जयमाला थांबली. तिचा आवाज चढलेला प्रतीक्षानं पंधरा वर्षांत ऐकला नव्हता.

“कायची खुश वं? पाच वाजल्यापासून पायावर उभी राह्यतो मी. दिवसभरात बूड टेकाले भेटे ते त्या फळीवरच. तेही घेतलं तुनं!”

आठ दिवस बापासाठी जपलेला प्रतीक्षाचा राग पुन्हा उसळला, आणि या वेळी तो तिच्या स्वतःवरही होता. दुपारच्या पोळ्या आपण कधी केल्या, तिला आठवेना. तिनं आईचा हात धरला, ओढतच तिला उकिरड्याकडं परत आणलं, सीटशी हात घालून चाबी फिरवली. ट्रॅक्टर बंद झाला. चारही माणसं बघत राहिली.

“पप्पा, आई, दोघंबी आयका,” ती म्हणाली. “उद्यापासून आई दुपारी दोन घंटे ओट्यावर बसन. नुसती. त्या टायमाचा सैपाक आन धुणं, पप्पा, तुम्ही आन मी करू.”